एकोणतीस मीटर

माझ्या मामाच्या टेपचं पहिलं टोक कधी धड नसायचं. गवंड्याच्या हातातला टेप वाळूत लोळायचा, ओल्या सिमेंटात पडायचा, टोकाची कडी तुटायची आणि तिच्याबरोबर वीतभर पट्टी जायची. मामा नवा टेप घेत नसे. एक मीटरच्या खुणेवर अंगठा दाबून तो ओरडायचा, "एक सोडून!" दुसऱ्या टोकाला मी, आठवीतून शाळा सोडलेला, तसाच ओरडायचो, "एक सोडून!" म्हणजे माझ्याकडे अकरा दिसलं तर लांबी दहा. दोघांनी ओरडायचं हा नेम होता. मी विसरलो तर मामा टेप खाली ठेवायचा. "तू बोललंस नाय, म्हणजे तुका ऐकाक येवक नाय," म्हणायचा.

ती सवय घेऊन मी सौदीत, दम्मामला आलो. इथे भिंती बांधत नाही, एका फुटबॉल क्लबच्या सरावाच्या मैदानाची देखभाल करतो. गवत कापायचं, पाण्याचे फवारे वेळेवर सोडायचे, पांढऱ्या रंगाचे पट्टे मारायचे. क्लबचं मैदान, पण मी माणूस कंत्राटाच्या कंपनीचा. त्या कंपनीतले इंजिनियर साहेब नाशिकचे. माझी पहिली कंपनी बुडाली तेव्हा माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला होता. रस्त्यावर पोलिसाची गाडी दिसली की मी किराण्याच्या दुकानात शिरून उगाच साबणाचे भाव विचारत बसायचो. तसे चार महिने गेले. मग कॅम्पातल्या गणपतीच्या आरतीला साहेब आले होते, त्यांनी माझं बोलणं ऐकलं, आणि "तळकोकणातला का रे तू?" एवढ्यावरून विचारपूस सुरू झाली. त्यांनी खटपट करून माझं नाव त्यांच्या कंपनीकडे वळवलं. आजही नवीन इकाम्याचं कार्ड हातात आलं की मी ते आधी कपाळाला लावतो. हसतात लोक. हसू देत.

मैदानाच्या कुंपणामागे मोकळी वाळूची जागा आहे. शुक्रवारी सकाळी तिथे खेळ चालतो. सुदानी, येमेनी, केरळचे, नेपाळी, ज्याला सुट्टी तो येतो. त्यात एक होता. त्याच्या बनियनवर काळ्या चिकटपट्टीने आठ आकडा केलेला असायचा, म्हणून आम्ही त्याला आठ नंबर म्हणायचो. रंगाने अगदी काळा. आई-बाप चाडचे, पण जन्म जेद्दाचा, शाळा इथली, अरबी इथल्यांसारखी. पासपोर्ट मात्र त्या देशाचा जो त्याने कधी पाहिला नव्हता. दिवसा गोदामात पेट्या चढवायचा, आणि आमच्यासारख्यांबरोबर राहून मोडकी हिंदी शिकला होता.

पहिल्यांदा तो कुंपणाशी आला आणि म्हणाला, "सदीक, पानी मिलेगा?"

इथे आम्हाला सगळेच सदीक म्हणतात. अर्थ मित्र, पण गाडी पुसणाऱ्याला हाक मारायची तर सदीक, कचरा उचलणाऱ्याला सदीक. मी त्याला पाईप दिला. तो पाणी पिऊन, डोकं भिजवून गेला. आणि मग मी काय केलं ते लिहायलाच हवं. पंपाच्या खोलीत जाऊन पाने, पक्कड, सगळं जागेवर आहे ना ते पाहिलं. येमेनी माणूस पाणी पिऊन गेला होता तेव्हा पाहिलं नव्हतं.

मला हे कळायला हवं होतं. मुंबईला एजंटाच्या हापिसात आम्हा सगळ्यांना ओळीत उभं केलं होतं. हॉटेलच्या कामाला उजळ पोरं वेगळी काढली. माझ्याकडे बघून एजंट म्हणाला, "तू उन्हातल्या कामाला बरा. तुझं आणखी काय बिघडणार?" सगळे हसले. मीही हसलो, नाहीतर तेही काम गेलं असतं.

आठ नंबर खेळायला लागला की मी गवत कापायचं यंत्र बंद करून बघत राहायचो. फुटबॉल मला तेवढाच कळतो, जेवढा कुंपणाआडून दिसतो. पण तो पळायचा कमी. मधे उभा राहायचा, मान वळवून मागे बघून घ्यायचा, आणि चेंडू पायाशी यायच्या आधीच कुठे पाठवायचा ते त्याचं ठरलेलं असायचं. केरळचा एक ड्रायव्हर म्हणायचा, "इसके सर के पीछे भी आँख है." मला मामा आठवायचा. भिंत उभी राहायच्या आधी त्याला दिसायची.

खेळ संपला की तो कुंपणाशी बसायचा. मी थर्मासातला चहा आणि खुब्ज, म्हणजे इथली रोटी, न्यायचो. बोलणं फार नसायचं. त्याचा सदीक ऐकायला वेगळा वाटायला लागला होता, की मलाच तसा हवा होता, कोण जाणे.

हिवाळा सुरू झाला तेव्हा त्याने सांगितलं की क्लबात एक जागा सुटलीय. इथे जन्मलेल्या पण इथला पासपोर्ट नसलेल्या एकाला ते घेणार होते. चाचणी दोन दिवस, मंगळवारी क्लबाच्या लहान संघांतून आलेली मुलं, बुधवारी बाहेरची. एकच जागा.

"ये साल लास्ट," तो म्हणाला. पुढच्या मोसमात त्याचं वय त्या नियमात बसणार नव्हतं. "फिर खलास. फिर पेटी उठाओ."

"होईल तुझं," मी म्हटलं. "मैदान मी तयार करणार आहे. गालिच्यासारखं करतो बघ."

तो हसला. "सदीक, मेरे लिए एक लाइन सीधा मारना."

एवढंच मागितलं होतं त्याने माझ्याकडे.

मंगळवारी दुपारच्या अस्रच्या नमाजानंतर चाचणी होती. पळण्याची वेळ घ्यायला तीस मीटरची लेन आखायची होती. माझ्या जोडीला पेशावरकडचा चाचा, साठीला टेकलेला, दाढीला मेंदी लावणारा. आमच्याकडे दोन टेप फिरायचे. एक धड, तो त्या दिवशी दुसऱ्या साइटवर होता. दुसरा तुटका, आमच्या वाट्याचा. तुटका असला की मी मीटरची खूण धरून "एक छोड़ के!" ओरडायचो, चाचा तेच परत ओरडायचा आणि एकतिसावर खुंटी ठोकायचा. ओरडलो नाही तर त्याच्या लेखी टेप पूर्ण. मामाचा नेम मीच त्याला शिकवला होता.

त्या दिवशी मी गुडघ्यावर बसलो होतो, अंगठा एकाच्या खुणेवर, आणि डोक्याशी तीन माणसं येऊन उभी राहिली. क्लबाचा अरब अधिकारी, गोरा कोच, आणि साहेब. अधिकाऱ्याने टेपच्या फाटक्या टोकाला बुटाने हलवलं आणि अरबीत काहीतरी म्हणाला. कोच हसला. साहेबांचं तोंड पडलं. माझ्यामुळे साहेबांना खाली बघावं लागलं, ह्या एका विचाराने माझ्या कानांत रक्त चढलं. त्यात तोंड उघडून "एक छोड़ के" असं हाळी दिल्यासारखं ओरडायचं? मी ओरडलो नाही. चाचाकडे बघून नुसती मान हलवली. चाचाने मान हलवली आणि खुंटी ठोकली.

तीसवर.

मुलं पळाली. वेळा चांगल्या आल्या, कोच खूश दिसला. त्यांतला एक मुलगा, घरची माणसं कधीकाळी शामकडून, म्हणजे सीरियातून आलेली, गोरापान, शिस्तीचा. जाताना मला "शुक्रान" म्हणून गेला. त्याच्याबद्दल माझ्या मनात आजही वाईट नाही. तोही मी आखलेल्या लेनमध्येच पळाला.

बुधवारी सकाळी साहेबांनी धड टेप मागवून घेतला. "आज लाज नको," एवढंच बोलले. कालची बाजू पाण्याने मऊ झाली होती, म्हणून लेन पलीकडच्या बाजूला आखली. पूर्ण टेप, पूर्ण तीस. कालचं माझ्या डोक्यातच नव्हतं. मी तर आठ नंबरसाठी पट्टा सरळ यावा म्हणून दोनदा दोरी मारली. त्याने मागितल्यासारखी.

तो धुतलेला बनियन घालून आला होता. चिकटपट्टीचा आठ काढून पुन्हा नवा लावला होता. आधी सामना खेळवला. त्याला उजव्या कडेला उभं केलं. त्याने हाताने खूण केली, मी मधला, मधला. सहायक कोच ओरडला, "यल्ला, पळ! तू पळ!" चेंडू त्याच्यापुढे लांब टाकायचे आणि पळायला लावायचे. दोनदा तो आपोआप मधे सरकला. त्यातल्या एका वेळी त्याने असा पास दिला की चार माणसांच्या मधून चेंडू सुईत दोरा जावा तसा गेला. मी पाईप हातात धरून उभा होतो, माझ्या बुटात पाणी भरत होतं, मला कळलं नाही. सहायक कोच पुन्हा ओरडला आणि त्याला कडेला हाकललं.

साहेब माझ्याजवळ येऊन उभे होते. मी विचारलं, "साहेब, त्याला मधे का नाही खेळवत?"

"कोच म्हणतो, असला माणूस मधे ठेवून काय करायचा? याला पळवा. यांचं सगळं पायात असतं म्हणे."

"पण पास बघितलात ना?"

"पास कोण बघतंय रे," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात वाईटपणा नव्हता. आज उकाडा नाही, असं म्हणावं तसं म्हणाले.

मग तीस मीटर. तो पळाला तेव्हा मला तरी तो वाऱ्यासारखा वाटला. कोचने हातातलं घड्याळ पाहिलं, कागदावर मंगळवारच्या वेळांशी ताडून पाहिलं, आणि सहायकाला काहीतरी इंग्रजीत म्हणाला. दोघं हसले. साहेबांना मी नजरेनेच विचारलं. ते म्हणाले, "म्हणतो, काळा आणि वर हळू. मग घ्यायचा कशासाठी?"

सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरक होता. त्या गोऱ्या मुलाच्या मागे.

सगळे गेल्यावर मी सामान आवरलं. ऊन कलतं होतं. पंपाच्या खोलीत खिळ्याला धड टेप अडकवायला गेलो आणि शेजारच्या खिळ्यावर तुटका लटकत होता. फाटकं टोक माझ्याकडे. मी दोन्हीकडे बघत उभा राहिलो. धावत कालच्या बाजूला गेलो. खुंट्या तिथेच होत्या. धड टेप टाकला.

एकोणतीस.

पुन्हा टाकला. एकोणतीस. मग दोन्ही खुंट्या उपटल्या आणि भोकांत माती दाबली. चूक घाईत झाली होती, पण माती दाबताना मला कसलीच घाई नव्हती. नीट, तळव्याने सारखी केली. वर गवत पसरलं.

गुरुवारी यादी लागली. सगळ्या वेळा एका कागदावर, मंगळवार-बुधवार एकत्र. जागा त्या गोऱ्या मुलाला.

शुक्रवारी आठ नंबर आला, पण खेळला नाही. कुंपणाशी बसला. मी चहा नेला, खुब्ज नेलं. बराच वेळ तो आपल्या मांड्यांवर हात फिरवत होता, बाजारात जनावराचे पाय चाचपतात तसा.

"सदीक, मैं स्लो हूँ," तो म्हणाला. "बचपन से सोचा मैं फास्ट. दिमाग भी, पैर भी. घड़ी बोला स्लो. घड़ी तो झूठ नहीं बोलता."

मी म्हटलं, "नसीब."

हा शब्द कसा आला माझ्या तोंडून! कधीच कुणाचं काही बिघडवलं नसल्यासारखा आला.

दुसऱ्या शुक्रवारी तो खेळला, पण कडेला. कुणी सांगितलं नव्हतं. आपणहून उजव्या कडेला जाऊन उभा राहिला आणि नुसता पळत होता. केरळचा ड्रायव्हर ओरडला, "अरे बीच में आ ना भाई, क्या हुआ तेरे को?" तो आला नाही. मी पुन्हा चहा नेला. तिसऱ्या शुक्रवारीही नेला. दरवेळी ठरवायचो, ग्लास हातात देताना सांगायचं. ग्लास हातात गेला की मी खुब्ज पुढे करायचो. डोळ्यांपुढे इकाम्याचं कार्ड यायचं, साबणाचे भाव विचारत उभा असलेला मी यायचो.

त्या दिवसांत खोलीत पंखा फिरला तरी मला वाटायचं कुणीतरी माझ्या मागे पावलं मोजतंय. जेवताना घास मोजायचो, खोलीच्या दारापासून मोरीपर्यंत पावलं मोजायचो, आणि शेवटचं पाऊल टाकायच्या आधी पाय थांबायचा.

शेवटी मी साहेबांना सांगितलं. दुपारचं जेवण होतं, साहेब साइटच्या हापिसात डबा उघडून बसले होते. मी दारातच उभा राहिलो.

"साहेब, मंगळवारची लेन एक मीटर कमी होती. मी चुकलो."

साहेबांनी घास खाली ठेवला. "कुणाला बोललास?"

"नाही."

"चाचाला?"

"त्यालाही नाही."

"बरं केलंस." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आता ऐक. हे मी क्लबाला लिहून दिलं तर काय होईल? आमच्या माणसाने माप चुकवलं. कंत्राट जाईल. आणि पहिलं नाव कुणाचं कटेल?"

"माझं."

"तुला कुठून उचलून आणलाय ते मला बोलायला लावू नकोस."

मी मान खाली घातली. माझ्या मनात राग नव्हता, खरंच नव्हता. त्या माणसाचं मीठ खाल्लंय. ते मऊ आवाजात म्हणाले, "अरे वेड्या, त्याला तसाही घेतला नसता. तुझ्या एका मीटरने काय होणार होतं? आधीच ठरलेलं असतं त्यांचं. तो मधे खेळतो हे तरी बघितलं का कुणी? जा, जेव."

मी बाहेर आलो आणि मला हलकं वाटलं. छातीवरचा दगड कुणी उचलावा तसं. मी जेवलोसुद्धा पोटभर. आणि हात धुताना लक्षात आलं की मला हलकं कशाने वाटलं. तो काळा होता, म्हणून माझी चूक चूक उरली नव्हती. त्यांच्या त्या हसण्याच्या आड मला लपायला जागा मिळाली होती, आणि मी तिथे बसून पोटभर जेवलो होतो.

चौथ्या शुक्रवारी तो पिशवी घेऊनच आला. लांब उत्तरेला, हाइल शहरात कुणी नातेवाईक गव्हाच्या गोदामात होता, तिथे काम मिळालं होतं. निरोप घ्यायला आला होता. मी चहा नेला नव्हता. तुटका टेप नेला होता.

मोडक्या हिंदीत, हाताने, जमेल तसं सांगितलं. टेपचं फाटकं टोक दाखवलं. अंगठा कुठे होता, चाचाने खुंटी कुठे ठोकली, बुधवारी दुसरा टेप होता. तो वाळूवर उकिडवा बसून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "दिखाओ."

मी वाळूत मोजलं. त्याने स्वतः टाचेने एकोणतीसवर रेघ ओढली. मग तिसावर. दोन रेघांच्या मधे जाऊन उभा राहिला आणि खाली बघत राहिला. त्याचे दोन पाय आणि वर थोडी वाळू, एवढीच जागा होती ती.

"इतना?"

"इतना."

"तो मैं स्लो नहीं."

"नाही. तू हळू नाहीस. कधीच नव्हतास."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. क्षणभर मला वाटलं सुटलो. मग तो विचारता झाला, अगदी शांतपणे, "तुमको कब मालूम हुआ?"

खोटं बोलता आलं असतं. काल, म्हणता आलं असतं.

"बुधवारी," मी म्हटलं. "त्याच संध्याकाळी."

त्याने बोटं उघडली. एक, दोन, तीन. "तीन जुम्मा. तुम चाय लाया. मैं बोला मैं स्लो हूँ. तुम इधर बैठा था."

"हो."

"वो लोग मेरे को देखा भी नहीं. वो मालूम है, वो हमेशा. वो लोग का मीटर अलग." त्याने माझ्या छातीकडे बोट केलं, पण लावलं नाही. "तुम तो देखता था. हर जुम्मा मशीन बंद करके देखता था."

मी साहेबांचं वाक्य तोंडाशी आणलं, तुला तसाही घेतला नसता. गिळलं. त्याला ते माझ्यापेक्षा आधीपासून माहीत होतं.

मी विचारलं, आपण क्लबात जाऊन सांगू या का, मी येतो. त्याने कुंपणापलीकडच्या हिरव्या मैदानाकडे पाहिलं. फवारे चालू होते. "नाम लिखने का टाइम खलास," तो म्हणाला. "तुम्हारा काम भी खलास हो जाएगा. फिर क्या फायदा? दोनों पेटी उठाएगा?" जरासा हसलाही. मग पिशवी खांद्याला लावली. जाताना सदीक म्हणाला नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, काहीच हाक न मारता गेला.

मी अजून तिथेच आहे. इकामा दोनदा नवा झाला. साहेबांनी मला आणखी एका मैदानाचं काम दिलंय, माझ्या हाताखाली माणसं आहेत, घरी आईला मी फोनवर सांगतो की सगळं बरं आहे, आणि ते खोटं नाही. तो गोरा मुलगा आता मोठ्या संघाच्या बाकावर असतो. कडेला खेळतो.

नवीन टेप आला, पोलादी, कडी शाबूत. तरी लेन आखायची असली की माझा अंगठा आपोआप एकाच्या खुणेवर जातो. मी तो उचलून शून्यावर ठेवतो. मग समोर बघतो. उन्हात मैदानाच्या त्या टोकाला चाचा खुंटी घेऊन वाकलेला असतो, आणि त्याच्या एक मीटर अलीकडे मला कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, खाली आपल्या पायांकडे बघत. डोळे मिटून उघडले की नसतं.

मग कोण उभं आहे, अधिकारी की साहेब की कोच, काही न बघता मी छाती फुटेस्तोवर ओरडतो, "एक छोड़ के!"

चाचा खुंटी हातात धरून कमरेतून ताठ होतो, माझ्याकडे बघतो.

"टेप तो पूरा है, बेटा," तो तिकडून ओरडतो. "किसको छोड़ूँ?"